तळं ओलांडून गेलेली वेणा

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. इतकी जुनी, की ती ज्या राज्यात घडली त्या राज्याचं नावही आता कुणाला आठवत नाही. लहानांनी ती ऐकावी, आणि मोठ्यांनी जरा जास्त लक्ष देऊन ऐकावी.

त्या राज्यात डोंगरांच्या कुशीत एक अफाट तळं होतं. रोज पहाटे त्या तळ्यावर धुकं उठायचं आणि दुपारपर्यंत हलायचं नाही. आकाश कुठे संपलं आणि पाणी कुठे सुरू झालं, ते डोळ्यांना कळायचं नाही. काठावरच्या गावातली माणसं त्या धुक्यातच होड्या घालून लव्हाळं कापायला जायची, आणि लव्हाळ्याच्या चटया विणून पोट भरायची.

पाण्यावर गेलेली माणसं काठाला परत लागायची ती एका आवाजाच्या आधाराने. तुळाजी नावाचा माणूस टेकडीवर उभा राहून लांबलचक शिंग फुंकायचा. तो आवाज धुक्यातून मऊ होत होत तळ्यावर पसरायचा, आणि एकेक होडी त्याच्या दिशेने वळायची. गावात तुळाजीला मोठा मान होता. तसं शिंग फुंकणं दुसऱ्या कुणाला जमत नाही, असं सगळे म्हणायचे. खरं तर दुसऱ्या कुणी कधी फुंकून पाहिलंच नव्हतं.

या तुळाजीच्या घरी त्याची पुतणी राहायची. तिचं नाव वेणा. ती नऊ वर्षांची असताना तिचे आईबाप एकाच तापात गेले, आणि काकाने तिला घरी आणलं. केवढं मोठं मन, असं तेव्हा गाव म्हणालं.

तुळाजी वेणाला मारायचा. भाकरी जाड झाली म्हणून, पातळ झाली म्हणून. ती हसली म्हणून, आणि गप्प राहिली म्हणूनही. मार बसू लागला की वेणा डोळे मिटून घ्यायची आणि आपण तळ्याच्या तळाशी बसलो आहोत असं समजायची. तिथे हिरवा उजेड असायचा. छोटे मासे तिच्या केसांतून जायचे. वरचं काही ऐकू यायचं नाही. वर्षं गेली तशी ती त्या हिरव्या उजेडात जास्त जास्त वेळ राहू लागली.

गावाला काही माहीत नव्हतं असं नाही.

शेजारी चिमाकाकू राहायची. दोन्ही घरांमध्ये एकच कुडाची भिंत होती. पलीकडून आवाज येऊ लागला की चिमाकाकू भात कांडायला बसायची. घरात भात नसला तर रिकाम्या उखळातच मुसळ आपटायची. दुसऱ्या दिवशी ती वेणाच्या हातात गरम भाकरीचा तुकडा ठेवायची, आणि तिच्या तोंडाकडे न बघता आत जायची.

गावात एक वैद्यबुवा होते. वेणाच्या सुजलेल्या मनगटाला लेप लावताना ते विचारायचे, पडलीस वाटतं? मग उत्तराची वाट न बघता तेच म्हणायचे, पडलीसच, जरा बघून चालावं.

वेणा तेरा वर्षांची झाली तेव्हा एका दुपारी ती आपण होऊन पाटलांकडे गेली. पाटील मायाळू माणूस होता. त्याने तिला बसायला चटई दिली, गूळपाणी दिलं. वेणाने सगळं सांगितलं. इतकं सलग ती आयुष्यात कधी बोलली नव्हती. पाटील खाली मान घालून ऐकत राहिला.

शेवटी तो म्हणाला, "तुझ्या काकाचा हात जड आहे, मला ठाऊक आहे. पण तो रागावून शिंग टाकून गेला, तर चाळीस माणसं धुक्यात अडकतील. तूच जरा सांभाळून घे, बाळ."

मग त्याने स्वतः वेणाचा हात धरला आणि तिला घरी पोचवलं. पोर तक्रार घेऊन आली होती, तिला समजावलं आहे, असंही तुळाजीला सांगितलं. तुळाजीने वाकून नमस्कार केला, पाटील वळेपर्यंत हसत उभा राहिला, आणि मग दार लावलं.

त्या दिवसापासून वेणाला डाव्या कानाने ऐकू येईनासं झालं. तिचं बोलणंही थांबलं. पोर आता शहाणी झाली, असं गाव म्हणू लागलं.

काही महिन्यांनी, धुकं अगदी दाट असताना, तुळाजी टेकडीवर गेला आणि वेणा काठावर गेली. तिने एक लहान होडी सोडली. बाकीच्या होड्या शिंगाच्या दिशेने येत होत्या. वेणा आवाज पाठीशी ठेवून वल्हवू लागली. एका कानाने दिशा नीट कळत नाही. म्हणून ती मधूनमधून मान वळवून बघायची, आणि आवाज जिथून सगळ्यांत बारीक वाटेल तिकडे होडी न्यायची.

पाण्यात एक बगळा उभा होता. त्याने विचारलं, "कुठे निघालीस?" दाट धुक्यात पक्षी बोलतात, निदान एकट्या माणसाला तसं वाटतं.

"हा आवाज जिथे पोचत नाही तिथे," वेणा मनात म्हणाली.

"मग दमेपर्यंत जा," बगळा म्हणाला, "आणि त्याच्यापुढे थोडी अजून."

ती तशीच गेली. कधीतरी शिंगाचा आवाज नुसता वाऱ्यासारखा झाला, मग तोही राहिला नाही. सगळीकडे पांढरं पांढरं होतं. वेणाने वल्हं आत घेतलं आणि ती होडीतच झोपली.

गावाने दोन दिवस शोध घेतला आणि पोर बुडाली असं ठरवलं. तुळाजी चारचौघांत रडला. लोकांनी त्याला धीर दिला.

होडी वाहत वाहत तळ्याच्या पलीकडच्या काठाला लागली होती. तिथे भिवरा नावाची बाई एकटी राहायची आणि होड्या बांधायची. तिचे दंड सुतारासारखे होते आणि बोलणं मोजकं. लव्हाळ्यात अडकलेली होडी ओढायला ती पाण्यात उतरली, तेव्हा तिला आत झोपलेली मुलगी दिसली. तिने मुलीचे हात बघितले, मान बघितली, आणि मुलीने डोळे उघडल्यावर विचारलं, "कुणी मारलं?"

वेणाला आजवर किती जणांनी किती काय काय विचारलं होतं. हे मात्र कुणीच विचारलं नव्हतं. तिने तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही.

भिवराने पुन्हा विचारलं नाही. तिने वेणाला गरम पेज दिली, एक खोली दाखवली आणि दाराला हात लावून म्हणाली, "कडी आतून लागते. लावायची की नाही, ते तू ठरव."

वेणा ती कडी रोज रात्री लावायची. भिवरा रोज सकाळी बाहेर उभी राहून हाक मारायची, आणि ती निघेपर्यंत थांबायची.

हळूहळू वेणा काम शिकली. फळीला बाक कसा द्यायचा, दोन फळ्यांमधल्या फटीत काथ्या कसा ठासायचा, त्यावर गरम राळ कशी ओतायची. एके दिवशी राळेचं भांडं तिच्या हातून निसटलं आणि नव्याकोऱ्या होडीवर सांडलं. वेणा दोन्ही हात डोक्यावर घेऊन खाली बसली. तिने डोळे मिटले. ती तळ्याच्या तळाशी जायला निघाली होती.

बराच वेळ गेला, काही झालं नाही. तिने डोळे उघडून पाहिलं, तर भिवरा शेजारी बसून राळ खरवडत होती.

"थंड झाली की निघत नाही," भिवरा म्हणाली. "तुझं कुठे भाजलं का?"

वेणा रडायला लागली, आणि रडता रडता बोलायला लागली. पाटील, वैद्यबुवा, रिकामं उखळ, सगळं. ऊन उतरलं, सावल्या लांब झाल्या, तरी ती बोलत होती. भिवरा शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग म्हणाली, "तू सांगतेस ते खरं आहे. आणि त्यात तुझी काही चूक नव्हती."

राजाच्या ठाण्यावर जाऊन सांगू का, असं तिने विचारलं. वेणा घाबरून नको म्हणाली. भिवराने तो विषय तिथेच सोडला.

पुढची वर्षं पाण्यावरच्या ढगांसारखी सावकाश गेली. वेणा उंच झाली. ती मोठ्याने हसायला शिकली, आणि रागवायलाही. एकदा एका फळीवरून तिचं भिवराशी वाजलं. वेणाने फळी आपटली, आणि मग दिवसभर शिक्षेची वाट बघत राहिली. संध्याकाळी भिवराने नेहमीसारखी पेज वाढली. फळी तूच बरोबर कापली होतीस, असं तिने सांगितलं. त्या रात्री वेणाला कडीची आठवण झाली नाही.

वेणा सतरा वर्षांची असताना एक माणूस होडी घ्यायला आला. तो तिच्याच गावचा होता, पण त्याने तिला ओळखलं नाही. होडी निरखता निरखता तो गावच्या गोष्टी सांगत राहिला. आमचा शिंगवाला म्हणजे देवमाणूस. पुतणी बुडाली, तरी आता बहिणीची पोरकी मुलगी सांभाळतो. सगुणी तिचं नाव, आठ वर्षांची आहे. पोर जरा वेंधळी आहे, सारखी पडते.

तो गेल्यावर वेणा पाण्याकडे बघत बसली. मी तेव्हाच बोलले असते तर ही पोर वाचली असती, असं ती म्हणाली.

"ते ओझं तुझं नाही," भिवरा म्हणाली. "तू लहान होतीस. मी मोठी होते. तू नको म्हणालीस आणि मीही ते सोडून दिलं. पुन्हा विचारायला हवं होतं."

दुसऱ्याच दिवशी दोघी ठाण्यावर गेल्या. ठाणेदाराने सगळं लिहून घेतलं. तो म्हणाला, "मी दोन शिपाई घेऊन येतो. पण गावातल्या एकाने तरी साक्ष द्यायला हवी. नाहीतर तो म्हणेल पोर खोटं बोलते, आणि मला परत जावं लागेल."

दुपारी धुकं विरत असताना त्यांची होडी गावाच्या काठाला लागली. चटया वाळत घातल्या होत्या, तिथे गाव जमलं. बुडालेली वेणा चालत येताना पाहून बायकांनी तोंडावर पदर धरले. तुळाजी पुढे आला, त्याने हात पसरले. वेणा मागे सरकली नाही आणि पुढेही गेली नाही. भिवरा तिच्या उजव्या बाजूला, ऐकू येणाऱ्या कानाजवळ उभी होती.

वेणाने सगळं सांगितलं, न रडता, क्रमाने.

तुळाजी मान हलवत म्हणाला की पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला आहे. ठाणेदाराने लोकांकडे पाहिलं. पाटील पायाकडे बघत होता. वैद्यबुवा चटईची काडी उपसत होते. तुळाजीच्या मागे सगुणी उभी होती. तिचा एक हात ओढणीखाली झाकलेला होता, आणि ती डोळे मिटून घेत होती.

"तिला घेऊन जाईन मी," वेणा म्हणाली. "पण तुमच्यापैकी एकाला तरी आज बोलावं लागेल. मी तेरा वर्षांची असताना एकटी बोलले होते. आज मला एकटीला बोलायला लावू नका."

मग मागून चिमाकाकू पुढे आली.

"मला ऐकू यायचं," ती म्हणाली. "रोज ऐकू यायचं. ते ऐकू येऊ नये म्हणून मी रिकामं उखळ कांडायची. आताही कांडते."

ती खाली बसली आणि हुंदके देऊ लागली. तेव्हा वैद्यबुवांनी काडी टाकली. त्या जखमा पडल्याच्या नव्हत्या, हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं, असं त्यांनी सांगितलं. मग एकेक जण बोलू लागला.

शिपायांनी तुळाजीला होडीत बसवलं. राजाच्या न्यायसभेत त्याला शिक्षा झाली, आणि तो त्या तळ्यावर पुन्हा कधी आला नाही.

पाटील हात जोडून वेणासमोर आला. त्याने क्षमा मागितली.

"आज माझ्याकडे क्षमा नाही, पाटीलबाबा," वेणा म्हणाली. "कधी झालीच, तर सांगायला येईन."

ते सांगायला वेणा पुढे कधी आली का, हे गोष्टीत नाही. पाटलाने पाटीलकी सोडली, एवढं आहे. गावकऱ्यांनी शिंग फुंकायच्या पाळ्या लावल्या. पहिले काही दिवस नुसती फुसफुस व्हायची. एक होडी संध्याकाळपर्यंत भटकत राहिली, पण परत आली. महिनाभरात सात जणांना शिंग नीट वाजवता येऊ लागलं. जिच्यासाठी दोन पोरींचं बालपण मोडू दिलं, ती विद्या महिन्याभरात येण्यासारखी होती. हे कळल्यावर गावाला मान वर करायला फार वर्षं लागली.

सगुणीला कुठे राहायचं, ते वेणाने तिलाच विचारलं. सगुणी होडीत जाऊन बसली.

पलीकडच्या काठावर पहिले कित्येक दिवस ती प्रत्येक घासाला विचारायची, अजून घेऊ का? वेणा प्रत्येक वेळी म्हणायची, घे. मग एका सकाळी, वेणा आणि भिवरा फळीला किती बाक द्यायचा यावरून वाद घालत असताना, सगुणीने न विचारता पेजेचं भांडं आपल्याकडे ओढलं, पोट भरेपर्यंत खाल्लं, आणि बाहेर खेळायला पळाली.

बोध : लेकरू मार खात असताना जो मोठा माणूस गप्प बसतो, तो त्या माराचा वाटेकरी असतो.