उपाशी गोधडी

एकदा काय झालं, डोंगराच्या पायथ्याशी एका गावात हौसाआजी नावाची सुईण राहायची. सुईण म्हणजे कोण, ठाऊक आहे ना? बाळ जन्माला येताना जिचे हात त्याला सगळ्यांत आधी लागतात, ती. त्या गावातला जो तो पहिल्यांदा रडला तो हौसाआजीच्याच हातात. मोठमोठ्या मिशांचे बाप्येसुद्धा, बरं का!

तिची एक रीत होती. इवल्या अंगाला नवं कापड टोचतं, त्याला जुनं मऊ सूतच हवं. मग हौसाआजी काय करायची? टर्रकन आपल्या पदराचा तुकडा फाडायची आणि त्यात बाळ गुंडाळायची. बायका हसायच्या, "हौसे, पदर उंदरानं खाल्ला काय गं?" ती म्हणायची, "उंदरानं नाही बाई, तुझ्या लेकानं."

बिचारी कधी पोटभर जेवली नाही. जेवायला बसायचा अवकाश, की दारात कुणीतरी हजर. "हौसाआजी, चल लवकर!" की ही अर्धी भाकरी ताटात टाकून उठलीच. ऊन नाही, पाऊस नाही, वाट नाही, काटे नाहीत. अशी बाई लाखात एक, सांगते तुम्हाला.

तिच्या दोन नाती होत्या, आईबापावेगळ्या. मोठी गोजरा आणि धाकटी ठकी. ठकी एवढुशी, रोज आजीचा पदर मुठीत धरून झोपायची. मग एक दिवस हौसाआजी देवाघरी गेली. सगळा गाव रडला. ठकी मात्र रडली नाही. ती बोलेना, जेवेना, झोपेना. भर उन्हातसुद्धा कुडकुडत बसायची. गोजराला वाटलं, आजी तर गेली, आता हीपण जाते की काय!

मग गोजरानं ठरवलं, आजीच्या लुगड्यांची गोधडी शिवायची. तिच्या उबेनं तरी पोरीला झोप लागेल. पेटी उघडून बघते तर काय, पेटी रिकामी! होतं ते एकच लुगडं आजीच्या अंगावरच गेलं. गोजरा मटकन खाली बसली. मग तिच्या डोक्यात उजेड पडला. अगं, आजी पेटीत कशी असेल? आजी तर घराघरात आहे!

मग ती दारोदार फिरली. तर काय नवल, सगळ्यांनी तो पहिला तुकडा जपून ठेवला होता! कुणी देव्हाऱ्यातून काढून दिला, कुणी धान्याच्या कणगीतून. हिरवे, तांबडे, विटके, सगळ्या रंगांचे तुकडे जमले. तीन तेवढे अडून बसले.

पहिला होता रंगा पैलवानाकडे. अंगानं नुसता रेडा! पण दर कुस्तीआधी तो तुकडा दंडाला बांधायचा आणि लोकांना सांगायचा, ताईत आहे म्हणून. तो म्हणाला, "गोजरे, हा दिला आणि उद्या हरलो तर?" गोजरा म्हणाली, "हरलात तर आमच्याकडे या, मामा. गोधडीत निजा." पैलवान आधी हसला, मग रडला, मग त्यानं दंडाची गाठ सोडली.

दुसरा तुकडा होता वाघिणीकडे. हसू नकोस रे गुंड्या! वाघिणीचं पिल्लू अडलं होतं, तेव्हा हौसाआजी गुहेत गेली होती. घाबरली नाही. आई ती आई, म्हणाली. आता गोजरा गुहेच्या तोंडाशी उभी राहिली. वाघीण आली, गुरगुरली आणि तिनं गोजराचे हात हुंगले. गोजरा आजीला बाळांसाठी रोज वेखंड उगाळून द्यायची ना, तोच वास हातांना होता. मग वाघीण आत गेली आणि दात न लावता, पिल्लू धरतात तसा तो तुकडा धरून बाहेर आली.

तिसरा तुकडा होता खुद्द राजाकडे. हो तर! राजा काय आभाळातून पडतो? राजाचा मुकुट सोन्याचा, पण भारी टोचायचा. म्हणून त्यानं मुकुटाच्या आत गुपचूप तो तुकडा ठेवला होता. राजा म्हणाला, "हत्ती माग, घोडा माग, हे मागू नकोस." गोजरा म्हणाली, "महाराज, हत्ती पांघरून माझी बहीण कशी झोपेल?" त्यानं मुकुट उतरवला आणि तुकडा दिला. पुढं मुकुट टोचायला लागला, तेव्हा तो सरळ फेटाच बांधू लागला. शोभूनही दिसायचा म्हणे!

मग गोजरा शिवायला बसली. कडेकडेनं धावदोरा घालत मध्यापर्यंत आली. बोटांची चाळण झाली, पण पोरगी हटली नाही. मधोमध राजाचा तुकडा बसवला, शेवटचा टाका घातला आणि गोधडी ठकीच्या अंगावर टाकली.

ठकी कुडकुडतेच आहे!

गोजरानं कोपरे खोचले, तिला कुशीत घेतलं. छे! गोधडी आपली थंडगार. मग मात्र गोजराचा बांध फुटला. एवढं केलं आणि सगळं फुकट! ती ढसाढसा रडली. आणि रडता रडता तिला आठवलं.

अरे, रीत आहे ना आपली! गोधडी मिटायच्या आधी तिच्या पोटात भाकरीचा घास ठेवायचा असतो. उपाशी गोधडी ऊब देत नाही. घाईघाईत गोजरा नेमकं तेच विसरली होती. आजी जन्मभर अर्धपोटी उठली आणि तिची गोधडीही उपाशीच शिवली!

मग तिनं मधला टाका उसवला आणि टोपलीतली भाकरी आणली. घास मोडणार, तेवढ्यात ठकीनं हात पुढं केला. भाकरी आपल्या हातात घेतली. चिमुकला घास मोडला, गोधडीच्या पोटात ठेवला. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडून शब्द फुटला.

"आजे, आता कुणी बोलवायला आलं तरी उठू नकोस हं. जेव."

गोजरानं डोळे पुसत टाका घातला. आणि काय सांगू, गोधडी अशी ऊबदार झाली, जशी चुलीजवळ बसलेली आजीच! ठकी पोटभर रडली, उरलेली भाकरी खाल्ली आणि गोधडीचा कोपरा मुठीत धरून गाढ झोपली.

पुढं गोजरा मोठी झाली, आजीसारखीच सुईण झाली. तिचाही पदर आखूड तो आखूडच राहिला. पण ती जेवायला बसली की ठकी दारात उभी राहायची आणि म्हणायची, "आलीच हं ती, चार घास खाऊ दे तिला." पैलवान सुखात राहिला, वाघीण सुखात राहिली, राजाही सुखात राहिला.

आता पाय आत घ्या बघू. जेवलात ना सगळे पोटभर? मग झोपा.