वैजूचं कुलूप

एका तालुक्याच्या गावात एक निवृत्त निदेशक राहत होते. त्यांचं नाव मुकुंद शेलार. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत तीस वर्षं त्यांनी मुलांना मोटारी खोलायला आणि पुन्हा जोडायला शिकवलं. निवृत्त झाल्यावर लोक देवळात जाऊन बसतात. सरांना तिथे दहा मिनिटंही करमेना. त्यांनी घराच्या ओसरीवर एक बाकडं टाकलं आणि नवा उद्योग मांडला. हातात प्रमाणपत्र आहे पण काम नाही, अशी मुलंमुली तिथे येत. कुठल्या कारखान्यात फिटर हवा, कुठल्या दवाखान्यात यंत्रं सांभाळणारं माणूस हवं, याची सरांकडे बित्तंबातमी असे. ते आलेल्यांची परीक्षा घेत, अर्ज लिहून देत, वेळ पडली तर स्वतः सोबत जात. कुणाला नोकरी लागली की मधुमेह विसरून पेढा खात, आणि मग बायकोची बोलणीही खात.

सरांचा एक नियम मात्र फार कडक होता. आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ते एक लहानसं कुलूप देत. यंत्रात हात घालण्याआधी मेन स्विच बंद करायचा, त्याच्या दांड्याला आपलं कुलूप लावायचं आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची. ते उघडायचं तेही आपणच, आणि यंत्राजवळ गेलेला प्रत्येक माणूस बाहेर पाहिल्यावरच.

"आत कुणी दिसत नाही, एवढ्यावर जाऊ नका," सर म्हणत. "तो माणूस बाहेर दिसला पाहिजे."

या ओसरीवर वैजयंता साबळे नावाची मुलगी सात महिने खेपा घालत होती. सगळे तिला वैजू म्हणत. आवाजावरून मोटारीचं दुखणं ओळखावं तर वैजूनेच. पण चार ठिकाणी तिला दारातूनच परत पाठवलं होतं. मुलगी यंत्रावर काय करणार, हे त्या चौघांना यंत्र दाखवण्याआधीच कळलं होतं, इतके ते हुशार! घरूनही तिला बजावलं होतं की या महिन्यात काम मिळालं तर ठीक, नाहीतर आईबरोबर कांद्याच्या वखारीवर निवडायला बसायचं. सरांना त्याची रुखरुख लागून राहिली होती.

अशात एके दिवशी दुपारी काटकर शेठचा फोन आला. शेठचं गावाबाहेर दुधाचं शीतकेंद्र होतं.

"मास्तर, कॅन वाहून नेणारी साखळी अडकलीय. माणूस पाठवा. काम जमलं तर कायमचा ठेवतो."

"माणूस नाही, मुलगी आहे," सर म्हणाले.

"आणा," शेठ म्हणाले. अडचणीत ते दुसरं काय म्हणणार?

सर आणि वैजू पोचले तेव्हा अंगणात दुधाचे साठ कॅन उन्हात उभे होते. साखळी भिंतीतल्या भोकातून आतल्या बोगद्यात जात होती. तिथे कॅन धुतले जात. त्याच मेन स्विचवर दूध थंड टाकीत ओढणारा पंपही होता, त्यामुळे साखळी बंद तर सगळंच बंद. वैजूने स्विच पाडला, आपलं कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. केंद्रातला जुना कामगार गेनबा तिच्याबरोबर बोगद्यात शिरला. तो पलीकडच्या तोंडाकडून वाकडा झालेला पत्रा सोडवणार होता आणि ती अलीकडून दाते बसवणार होती.

वीस मिनिटांत वैजू बाहेर आली. तिचा चेहरा ग्रीसने माखला होता.

"झालं, सर."

"शाब्बास!" शेठच बोलले. "मास्तर, पोरगी कामाची आहे. चल, लाव स्विच. आजपासून इथंच."

पण वैजू स्विचपाशी जाऊन नुसती उभी राहिली.

"गेनबा मामा कुठं आहेत?" तिने विचारलं.

गेनबा कुणालाच दिसत नव्हता. वैजूने बोगद्यात बॅटरी मारली, हाका मारल्या, पण उत्तर आलं नाही. बोगद्यातल्या पंपाच्या मागची अंधारी खोबण दोन्ही तोंडांकडून दिसत नव्हती, आणि तिथवर सरपटत जाणं एकट्या सडपातळ गेनबालाच जमे. पलीकडच्या तोंडाशी त्याची पक्कड पडलेली सापडली.

"गेला असेल तंबाखू मळायला," शेठ म्हणाले. "उघड."

"मामा दिसल्यावर उघडते, शेठ."

"अगं, दूध नासतंय! बॅटरी मारलीस ना? दिसलं का कुणी आत?"

"आत दिसले नाहीत. पण बाहेरही दिसले नाहीत."

दोन माणसं गेनबाला शोधायला पळाली. ऊन तापत होतं. एका कॅनचं झाकण उघडून कुणीतरी वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. शेठचा चेहरा लालबुंद झाला. ते वैजूशी बोलायचं सोडून सरांपुढे येऊन उभे राहिले.

"मास्तर, तुमची पोरगी आहे. एक शब्द टाका. कुलूप उघडलं तर नोकरी तिची. नाहीतर तुमच्या ओसरीवरचं एकही माणूस मी पुन्हा दारात उभं करणार नाही, आणि चार लोकांना सांगेन ते वेगळंच."

सात महिन्यांच्या खेपा त्यांच्या डोळ्यांपुढे आल्या. कांद्याची वखार आली. गेनबा बाहेरच कुठेतरी असणार, हे त्यांनाही मनातून पटत होतं. आपण म्हटलं, 'उघड बाळ, एवढ्या वेळी चालेल,' तर ती ऐकेल, हे त्यांना ठाऊक होतं. वैजू त्यांच्याकडेच बघत होती. तिचा हात खिशातल्या किल्लीवर होता. ती घाबरली होती, आणि सर तिच्याहून जास्त घाबरले होते.

त्यांनी तोंड उघडलं. 'उघड' हा शब्द अगदी ओठांवर आला होता.

"शेठ," ते म्हणाले, "कुलूप तिचं आहे. मला त्यावर शब्द टाकता येत नाही."

पंचवीस मिनिटांनी कालव्याच्या बाजूने गेनबा डुलत डुलत आला. हातापायाचं ग्रीस धुवायला म्हणून तो गेला होता आणि गार सावली बघून तिथेच टेकला होता. त्याला पाहताच वैजूने कुलूप काढलं आणि स्विच लावला. साखळी सुरेख चालली. पण तोवर वीस कॅन दूध नासलं होतं.

"आत कोण होतं?" शेठ गरजले. "मांजरसुद्धा नव्हतं! निघा दोघंही."

वाटेत वैजूने विचारलं, "सर, माझं चुकलं का?"

"तुझं नाही," सर म्हणाले. "माझं चुकणार होतं. तुला नोकरी लागावी म्हणून मी तुला 'उघड' म्हणणार होतो."

वैजूने मान खाली घातली. दुसऱ्या दिवसापासून ती आईबरोबर कांदे निवडायला जाऊ लागली. सर ओसरीवर बसत, पण त्यांचं कशात लक्ष लागेना.

पाचव्या दिवशी शीतकेंद्रातली साखळी पुन्हा अडकली. दुसऱ्या टोकाचे दाते गेले होते. शेठनी शहरातून मोठा नावाजलेला कारागीर बोलावला. त्याने स्विच पाडला, कुलूपबिलूप काही लावलं नाही आणि गेनबाला म्हणाला, "शीर आत."

गेनबा जागचा हलला नाही.

"शेठ, कुलूप कुणाचं हाय?"

"कसलं कुलूप? हा उभा आहे ना स्विचपाशी!"

"ह्यो मला वळखत न्हाई. त्या दिशी मी कालव्यावर लोळत पडलो व्हतो, तरी ती पोरगी माझ्यापायी अडून ऱ्हायली. पदरची नोकरी घालवली तिनं. खरंच आत असतो तर? तिचं कुलूप लागलं तर मी शिरतो. न्हाईतर तुम्ही शिरा."

बाकीचे कामगारही एकेक करून गेनबाच्या मागे येऊन उभे राहिले. शेठनी त्या अंधाऱ्या बोगद्याकडे पाहिलं. स्वतः शिरायची कल्पना त्यांना काही मानवली नाही. अंगणात पुन्हा साठ कॅन तापत होते.

थोड्याच वेळात शेठची जीप सरांच्या दारात थांबली. "मास्तर, पाठवा तिला," ते म्हणाले. या खेपेला आवाज चढलेला नव्हता.

"मी कोण पाठवणार?" सर म्हणाले. "ती वखारीवर आहे. चला, तुम्हीच विचारा."

कांद्याच्या ढिगापाशी उभं राहून शेठनी विचारलं. वैजूने ओंजळीतले कांदे खाली ठेवले आणि पदराला हात पुसणाऱ्या आईकडे एकदा पाहिलं.

"येते," ती म्हणाली. "पण यंत्राजवळ जाणाऱ्या प्रत्येकाला त्याचं त्याचं कुलूप द्यायचं. आणि ते उघडायला तुम्हीसुद्धा सांगायचं नाही."

"नाही सांगणार," शेठ म्हणाले, आणि वैजू जीपमध्ये बसली.

तात्पर्य: नोकरी मिळवून देण्यासाठी शिष्याला शिकवण मोडायला लावणं ही मदत नव्हे. ज्याच्या हाती दुसऱ्यांनी निर्धास्तपणे जीव सोपवावा, तोच खरा कारागीर.