अठ्ठ्याण्णवावरचा काटा

एका राज्यात, जिथले डोंगर निळे आणि राजे हट्टी, दरबाराच्या मधोमध एक सोन्याचा काटा उभा होता. धूमकर्ण नावाच्या मांत्रिकाने तो राजाला नजराणा म्हणून दिला होता. महामारी आली तर राज्य किती सज्ज, हे तो काटा शंभरात सांगे. शेजारची राज्ये चाळिशीत घुटमळत. इथला काटा अठ्ठ्याण्णवावर. राजा उदयकेतू रोज सकाळी आधी काटा पाही, मग सूर्य.

काट्याला आकडे पुरवी ती सोनकी मोजणीदार. गावोगाव जाऊन ती वैद्य मोजी, औषधाचे रांजण मोजी, आजारी माणसे मोजी. ज्या गावात आजारी कोणी नाही, त्याच्या वेशीवर पिवळे निशाण लागे. निशाणासाठी नि आकड्यासाठी माणसे काय करतील याचा नेम नाही! एकच वैद्यबुवा आडवाटेने पुढे पळत आणि सात गावांत सात वेळा मोजले जात. सातव्या गावात सोनकीने त्यांना धापा टाकताना पाहिले, तरी लिहायचे ते लिहिले. आकडा चांगला दिसत होता, आणि चांगल्या आकड्याला नावे कोण ठेवतो?

मग पाषाणज्वर आला. ज्याला लागे त्याचे पाय दगडाचे होत. तिसऱ्या दिवशी दगड काळजाला भिडे. काटा तसूभर हलला नाही. "आपण सज्ज आहोत," अशी राजाने दवंडी पिटवली.

सोनकी घरी आली, तर तिचा धाकटा भाऊ रायाजी खोलीला आतून कडी लावून बसलेला. रायाजी राजाचे निरोप घेऊन धावणारा जासूद, वाऱ्याशी पैज लावणारा गडी.

"राया, दार उघड."

"नको, अक्का. तुझ्याच घरात आजारी निघाला तर काटा खाली येईल. लोक तुला हसतील."

"कधीपासून?"

"काल सकाळपासून. गुडघ्यापर्यंत आलंय."

 पाठच्या भावाने आपल्यापासूनच दुखणे लपवावे, आणि तेही आपल्या आकड्यासाठी! सोनकीला स्वतःची इतकी लाज वाटली की रडूही येईना.

ती धावत राजभांडारात गेली. तिथे सर्पपर्णीच्या काढ्याचे हजार रांजण गळ्यापर्यंत भरलेले. तिने झाकण ओढले, हलेना. पहार लावली, ती वाकली. तुळईवर एक भारद्वाज पक्षी बसला होता. तो म्हणाला,

"मोजणीदारबाई, काट्याला भरलेले रांजण लागतात. काटा उभा आहे तोवर झाकण उघडायचं नाही. हाच धूमकर्णाचा शाप."

"उतारा सांग."

"तीन दारं. दुखणं लपवणाऱ्याचं, लपवायला लावणाऱ्याचं, आणि ज्याच्या मानासाठी लपवलं त्याचं. आतून कडी निघाली तरच खरं. धाकाने उघडलंस तर फुकट."

सोनकी घरी परतली. मोजणीची वही तिने चुलीत घातली आणि ती भावाच्या दाराशी बसली. "राया, मी मोजायला आले नाही. तुला बघायला आले."  मग कडी वाजली. दरबारात काटा सत्तरावर आला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती पिवळे निशाण लागलेल्या एका गावी पोचली. निशाण जाऊ नये म्हणून तिथल्या भिवजी पाटलाने आजारी माणसे लपवून वाड्याला आतून कडी घातली होती. सोनकीने आधी वेशीवरचे निशाण स्वतःच्या हाताने उतरवले.

"पाटील, हे मीच लावलं होतं. चूक माझी. माझा भाऊही घरात पडलाय."

आतून पाटलाचा हुंदका आला. "अकरा जणं आहेत, बाई. माझी सून बी त्यातच." दार उघडले. काटा चाळिशीवर आला.

तिसऱ्या दाराशी ती पोचली तेव्हा सूर्य कलला होता आणि तिकडे रायाजीच्या छातीला दगड लागला होता. राजाचे शयनगृह बंद होते. आतून गर्जना आली,

"काटा चाळिशीवर आणलास! तुला सुळावर चढवीन!"

"चढवा, महाराज. पण चालत येऊन चढवा."

 त्या सकाळपासून राजा सिंहासनावर आला नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होते. बोलायची छाती कुणाची झाली नव्हती. मग फरशीवर काहीतरी घासत आले आणि कडी निघाली. राजा उंबऱ्यावर बसला होता. जरीच्या मोजड्या त्याने काढून टाकल्या होत्या. घोट्यापर्यंत दगड.

"मलाही लागलंय," तो भर दरबाराला ऐकू जाईल असे म्हणाला. "ऐका रे सगळे, राजालाही लागलंय."

काटा शून्यावर आपटला आणि फुटला. भांडारात हजार झाकणे फटाफट उडाली. राजाचे शब्द गल्लीबोळांतून पसरले तशी दारे उघडू लागली. शंभर, पाचशे, हजार. "माझाही पाय जड झालाय!" लोक बिनदिक्कत ओरडत होते, आणि ओरडेल त्याच्या ओठांना काढा लागत होता. सोनकीने पहिली वाटी भावाच्या तोंडाला लावली. छातीवरचा दगड वितळला, मग मांड्यांचा, मग पावलांचा. रायाजी उठला, अक्काच्या पाया पडला आणि काढ्याचा बुधला पाठीला बांधून असा पळाला की दिवस मावळायच्या आत त्याने सात गावे गाठली. या खेपेस सातही गावे खरी मोजली गेली! धूमकर्ण दुसरे गिऱ्हाईक शोधायला चालता झाला.

फुटक्या काट्याच्या सोन्यातून राजाने काढा वाढायच्या पळ्या करवल्या. एकदा त्याने विचारले, "सोनकी, आता आपण किती सज्ज?"

"साथ आल्यावर कळेल, महाराज. आज एवढंच सांगते, काल ज्याचं अंग दुखलं त्याने दिवस मावळायच्या आत शेजाऱ्याला सांगितलं."

राजा मोठ्याने हसला आणि पळी घेऊन रांगेत वाढायला उभा राहिला. जसे त्या राज्याचे दुखणे वेळेवर बोलले गेले, तसे तुमचेआमचेही बोलले जावो.