धाकोजीने लावलेली चित्रे

एका बाजाराच्या गावात धाकोजी नावाचा शिपाई होता. माणूस वाईट नव्हता, पण काठी हातात आली की त्याचे डोके सुटीवर जाई.

एकदा बाबल कलिंगडवाल्याचे गिऱ्हाइकाशी भांडण जुंपले. कलिंगड आतून पांढरे निघाले, असे गिऱ्हाईक म्हणाले आणि बाबलने रागाच्या भरात सुरी उगारली. लोक घाबरून ओरडत पांगले. धाकोजीने धावत येऊन एक फटका हाणला आणि सुरी खाली पाडली. बाबलने लगेच हात जोडले. पण काठी थांबेना. बाबलचा हात मोडला, तेव्हा कुठे ती थांबली.

समोरच विश्राम चित्रकथी बसला होता. एकेक चित्र दाखवत गोष्ट सांगणे हा त्याचा धंदा. त्याने या मारहाणीची चित्रे काढून गावोगाव दाखवली. लोक खवळले. राजाने धाकोजीला दरबारात बोलावले. आता याच्या कमरेचा पट्टा आणि नोकरी दोन्ही जाणार, असे सगळे म्हणू लागले.

धाकोजीचा वकील मोठा चतुर. तो म्हणाला, "महाराज, या गोष्टीला सुरुवातच नाही. आधी काय झाले, ते चित्र कुठे आहे?"

राजाला हे पटले. विश्रामनेही मान्य केले, "ओरडा ऐकून मी वळलो, तोवर सुरी खाली पडली होती." मग लोकांना विचारून त्याने उगारलेल्या सुरीचे चित्र तिथेच काढून दिले. ते पाहून दरबार धाकोजीच्या बाजूने कुजबुजू लागला.

राजा धाकोजीला म्हणाला, "चित्रे सुटी आहेत. जसे घडले, तशी तूच लाव."

वकील त्याच्या कानाशी लागला. "हे नवे चित्र जोडलेल्या हातांच्या चित्रानंतर ठेव. बाबलने सुरी पुन्हा उचलली, असे मी सांगतो. पाहणारा एकटा विश्राम, त्याची नजर चुकली म्हणू. सुटलास."

धाकोजीने चित्र उचलले. घरची चार तोंडे त्याच्या डोळ्यांपुढे आली. मग त्याने ते सर्वांत आधी ठेवले. त्यानंतर पडलेली सुरी, मग जोडलेले हात आणि शेवटी उगारलेली काठी.

"महाराज, पहिला फटका माझ्या कामाचा होता," तो म्हणाला. "पुढचे माझ्या रागाचे."

वकिलाने कपाळावर हात मारून घेतला. राजाने पहिला फटका योग्य ठरवला. पुढच्यांबद्दल मात्र शिक्षा दिली. बाबलचा हात बरा होईपर्यंत पट्टा उतरवून धाकोजीने त्याची कलिंगडे विकायची.

धाकोजीने एक आरोळी ठोकली की अर्धा बाजार गोळा होई. कलिंगडे भराभर खपू लागली आणि बाबल गालातल्या गालात हसू लागला. एके दिवशी फळ पिकले का ते पाहताना धाकोजीने असा दणका दिला की कलिंगड दुभंगले.

"दादा," बाबल म्हणाला, "एका टिचकीत कळतं. पुढे मारलं की नुसतं फुटतं."

धाकोजी ओशाळून हसला. दोघांनी मिळून ते कलिंगड खाल्ले.

तात्पर्य: बळ काम होईपर्यंतच वापरावे. त्यापुढचे बळ हा अन्याय असतो आणि अर्धे खरे सांगून तो झाकू नये.