कोऱ्या पानाचं रेकॉर्डिंग

“मास्तर, शेवटच्या प्रसंगाला मी संगीतच दिलेलं नाही. आणि ते मुद्दाम दिलेलं नाही. यात बिघडलं काय?”

इरावती सरनोबतनं हे विचारलं ते कमरेवर हात ठेवून.

झेनोन व्रुबेल खुर्चीत बसून संत्रं सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“बिघडलं कोण म्हणालं? लई भारी हाय की.”

वॉर्साच्या स्टुडिओत ऐंशीच्या घरातला पोलिश म्हातारा अस्सल कोल्हापुरी बोलतो म्हटल्यावर कुणालाही वाटेल, थापा मारताय. पण नाही. महायुद्धाच्या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती. छोटा झेनोन आईबरोबर तिथं आला तेव्हा त्याचे दुधाचे दात पडत होते, आणि परत गेला तेव्हा गावच्या पोरांकडून शिव्यांसकट मराठी शिकून गेला. पुढं त्यानं शंभरावर सिनेमांना संगीत दिलं, देशोदेशीची बक्षिसं आणली, दोन पिढ्या घडवल्या. मराठी मात्र होती तेवढ्याच वयाची राहिली.

बाकीचे विद्यार्थी त्यांना ‘पान प्रोफेसर’, म्हणजे पोलिशमध्ये ‘प्रोफेसरसाहेब’, म्हणायचे. इरावती कोल्हापूरची आहे म्हटल्यावर त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “मला मास्तर म्हणायचं. कानाला बरं वाटतं.”

इरावती हुशार होती. आपण हुशार आहोत हे तिला जरा जास्तच ठाऊक होतं, एवढीच काय ती खोट.

व्रुबेलांच्या एका जुन्या सिनेमात शेवटचा प्रसंग अगदी नि:शब्द, नि:संगीत आहे. जगभरच्या फिल्म स्कूलमध्ये तो दाखवतात. इरावतीनं तो पाहिला आणि घरच्यांशी भांडून पोलंड गाठलं. मास्तरांसारखी शांतता आपल्यालाही जमली पाहिजे, या एका वेडापायी.

आणि यंदा मास्तरांनी आपल्याकडं आलेला अख्खा सिनेमा तिच्या हाती सोपवला. पडद्यावर पहिल्यांदा तिचं नाव झळकणार होतं. अट एकच. आज संध्याकाळपर्यंत सगळं संगीत दिग्दर्शिका बोझेनाबाईंच्या पसंतीस उतरलं पाहिजे. नाहीतर दुसरा संगीतकार तयारच होता.

सकाळपासून वाद्यवृंदाबरोबरचं सगळं रेकॉर्डिंग झकास झालं होतं. अडलं होतं ते शेवटच्या प्रसंगापाशी. वर्षानुवर्षं परागंदा झालेला मुलगा घरी येतो. आई बटाटे सोलत बसलेली. तो दारात उभा राहतो. ती बघते. उठते, आणि फळीवरून आणखी एक ताटली काढते. बस्स, एवढंच.

“इथं मला काहीतरी कमी वाटतंय,” बोझेनाबाई काचेपलीकडून पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

“त्यांना काय कळतंय?” इरावती मास्तरांना म्हणाली. “शांतता हेच तिथलं संगीत आहे.”

“बराबर,” मास्तर म्हणाले. संत्र्याची फोड तोंडात टाकली. “मग वाजीव.”

“काय वाजवू?”

“लिहिलंयस ते.”

“अहो मास्तर, पान कोरं आहे!”

“मग कोरं वाजीव.”

इरावतीला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. पण मास्तर उठले, टाळी वाजवली आणि वाद्यवृंदाला पोलिशमध्ये सांगितलं, “मंडळी, शेवटचा प्रसंग. गज उचला. ही हात खाली आणेल तिथं शांतता सुरू करायची.”

कुणी हसलं नाही. त्या वादकांचं निम्मं आयुष्य या म्हाताऱ्याच्या हाताखाली गेलं होतं. व्हायोलिन, व्हायोला, चेलो... सगळे गज तारांच्या वर येऊन थांबले.

इरावती चौथऱ्यावर चढली. चढावंच लागलं.

समोर पडदा उजळला. आई बटाटे सोलू लागली.

इरावतीनं हात वर घेतला.

आता आणायचा कुठं खाली?

दार करकरलं तिथं? छे, फार लवकर होतंय. मुलगा दिसला तिथं? की आईनं सुरी ठेवली तिथं? सगळे डोळे तिच्या हाताकडं लागलेले. हात जागचा हलेना. अरे देवा, शांतता लिहिली मी, आणि ती सुरू कुठं होते हेच मला माहीत नाही!

आई उठली. ताटली निघाली. पडदा काळा झाला.

इरावतीचा हात वरच होता.

“काय झालं?” मास्तरांनी विचारलं.

“काहीच नाही झालं.” तिचा आवाज बारीक झाला होता. “नुसते हात दुखले.”

“कुणाचं?”

“सगळ्यांचेच.”

कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या डबल बासवाल्यानं हळूच खांदा चोळला.

इरावती उसळली. लाजेपोटी माणूस उसळतो तशी. “पण तुमच्या त्या सिनेमात तुम्ही हेच केलंत! तिथं कुठं काय वाजतंय?”

“ती माजी शांतता. तुजी कुठाय?”

मास्तर तिच्याजवळ आले. आवाज उतरवून विचारलं, “पोरी, पयल्यांदा हा प्रसंग बघितलास, तवा काय ऐकू आलं?”

“काही नाही.”

“खोटं.”

इरावतीनं मान खाली घातली. मग भडाभडा बोलली. “एक चाल आली होती. पण अगदीच साधी हो, मास्तर. आमची आई भाजी निवडताना गुणगुणते ना, तसली. ऐकली की घशात आवंढा येतो. ती इथं लावली असती तर वर्गातली पोरं म्हणाली असती, आला हिंदी सिनेमा! समीक्षकांनी धू धू धुतलं असतं. मला भीती वाटली. म्हणून पान कोरं ठेवलं, आणि त्याला शांतता म्हटलं.”

“म्हण.”

“इथं? सगळ्यांसमोर?”

“मग काय रंकाळ्यावर जाऊन म्हणतीस? म्हण!”

इरावतीनं डोळे मिटले आणि गुणगुणली. आवाज दोनदा फाटला. तिनं तसाच पुढं रेटला.

व्हायोलावाल्या मारेकनं गज अजून खाली ठेवला नव्हता. तिसऱ्या ओळीला त्यानं चाल उचलली. इरावतीनं डोळे उघडले. त्याचा सूर तिच्यापेक्षा खालचा होता, आणि तिथं ती चाल जास्त शोभत होती.

मग मात्र ती थांबली नाही. कागद ओढला, भराभर लिहीत सुटली. चेलोंना नुसता एक लांब स्वर दिला. बासरीवाली आशेनं बघत होती, तिला हसून मान हलवली, तू नाही. पितळी वाद्यवाल्यांना म्हणाली, “तुम्ही चहा प्या.” एवढी खात्री तिच्या आवाजात सकाळपासून पहिल्यांदा आली होती. सकाळी होता तो नुसता रुबाब.

“घ्या टेक.”

पडदा उजळला. बटाटे. दार. मुलगा.

आईनं सुरी खाली ठेवली... आणि इरावतीचा हात आपसूक खाली आला. विचार करावाच लागला नाही. चाल निघाली, आईबरोबर उठली, फळीपर्यंत गेली. ताटली हाती आली तशी इरावतीनं मूठ मिटली. मारेकचा गज तारेवरून उचलला गेला.

ताटली टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला.

पडदा काळा झाला तरी कुणी हललं नाही. खुर्ची करकरली नाही, कागद वाजला नाही.

काचेपलीकडं बोझेनाबाईंनी चष्मा काढला. डोळे पुसले, नाक शिंकरलं, आणि माइकचं बटण दाबून एवढंच म्हणाल्या, “हेच. दुसऱ्या कुणाला फोन करायचा नाही. सिनेमाच्या पाटीवर नाव काय लिहायचं ते नीट लिहून द्या, आमच्या लोकांच्या हातून तुमची आडनावं चुकतात.”

वादकांनी गजांनी स्टँडवर टकटक केली. त्यांच्याकडं शाबासकी अशी देतात.

इरावतीला हसू येत होतं आणि रडूही. लपवावं असं वाटलं नाही. ती ताठ मानेनं चौथऱ्यावरून उतरली आणि मास्तरांसमोर येऊन उभी राहिली. मास्तर कोट चढवत होते.

“मास्तर, जमली चाल. आता ठेवू ना ती?”

मास्तरांनी शेवटचं बटण लावलं. तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“आता काढून टाकलीस तरी चालंल. उरंल ती शांतता तुजी.”