रिकामा धोटा

डोंगरावरच्या एका संस्थानात सावळाराम नावाचा साळी राहत होता. हातमागावर कापड विणता विणता त्याला एक वेड लागलं. धोटा इकडून तिकडे पळतो आणि एकेका धाग्याने कापड भरत जातं. मग चित्र का नाही भरणार? काचेच्या बंद हंड्यात विजेचा किरण धोट्यासारखा पळवला, एकाखाली एक उजेडाच्या ओळी काढल्या, तर दूरच्या माणसाचा चेहरा काचेवर विणता येईल. लोक हसले. हसायला काय, फुकटच असतं.

राजमाता आईसाहेबांना मात्र ते पटलं. त्यांची धाकटी बहीण पायथ्याच्या गावात राहायची. हिला उतरवेना, तिला चढवेना. अकरा वर्षं दोघींची भेट फक्त पत्रांतून. त्यातच आईसाहेबांची दृष्टी अधू होऊ लागली. दसऱ्यापर्यंत दिसेल तेवढं दिसेल, असं वैद्यांनी सांगितलं. सावळारामने दसऱ्याच्या आत बहीण दाखवायचा शब्द दिला.

त्याने दोन यंत्रं केली. चेहरा टिपणारं पायथ्याला, दाखवणारं गडावर, मधे तार. काच उजळली, चेहराही आला, पण फाटलेला. नाकाच्या कडेला करवतीसारखे दाते, डोळ्याची एक ओळ इकडे तर दुसरी तिकडे. सावळारामने काच बदलली, तार बदलली, शेवटी हवेला दोष दिला. धोट्याच्या चालीवर मात्र त्याने कधी संशय घेतला नाही. त्याचा किरण जाताना एक ओळ भरायचा आणि परत येताना दुसरी. त्याच्या घराण्यात आजोबांपासून रिकामा धोटा फेकणं म्हणजे नाक कापून घेणं होतं.

दसरा चार दिवसांवर आला. हार कबूल करायला तो आईसाहेबांकडे गेला. त्या कागद अगदी डोळ्यांशी धरून बहिणीला पत्र लिहीत होत्या. सावळाराम बघतच राहिला. ओळ संपली की लेखणी उचलली जायची, रिकामीच डावीकडे यायची, मग पुढची ओळ सुरू व्हायची. काय सांगायला आलो होतो, तेच तो विसरला.

“आईसाहेब, हात परत येताना का लिहीत नाही?”

“मग ओळी समासाला कशा लागतील रे?”

सावळाराम उठला तो थेट यंत्रापाशी. दोन्ही यंत्रांतले किरण जाताना बरोबर निघायचे, परतताना एखादा कणभर मागे राहायचा, आणि तिथेच चित्र फाटायचं. परतीच्या वाटेवर त्याने दोन्हीकडचा किरण विझवला. प्रत्येक ओळ डाव्या काठापासूनच सुरू केली. हे करताना आजोबांचा अपमान करतोय असं वाटून त्याला फार वाईट वाटलं. तरी त्याने ते केलं.

दसऱ्याच्या सकाळी काच उजळली. आईसाहेब अगदी जवळ जाऊन बसल्या. पलीकडे त्यांचा आवाज पोचणार नव्हता, तरी त्या बोलल्या.

“केस एवढे पांढरे झाले तुझे? पत्रात कधी लिहिलं नाहीस ते.”

सावळाराम मागे उभा होता. ओळीमागून ओळ उमटत होती, आणि प्रत्येक ओळीनंतर धोटा रिकामा परतत होता.

तात्पर्य: ज्या सवयीने नवी वाट दाखवली, तीच पुढे आडवी येऊ शकते, म्हणून काम अडलं की आधी आपल्या सवयीलाच प्रश्न विचारावा.