ठेचा मंडळावरची धमकी

मिरजेच्या वत्सलाबाई टिपणीस इंटरनेटवर ठेच्याच्या पाककृतींचं एक छोटंसं मंडळ चालवत. नवा कायदा आला. मंडळावर कुणाला धमकी दिलेली दिसली, तर चालकाने ती लगेच काढायची, नाहीतर मंडळ बंद. आता धमकी म्हणजे नेमकं काय, हेच कुणाला कळेना.

तेवढ्यात सुरक्षा खात्याच्या दाभाडकरसाहेबांनी मंडळावरच लिहिलं, "इथे 'ठेचून काढा', 'चिरून मीठ चोळा' असं उघड लिहिलंय. हे थांबवा, नाहीतर एकेकाला सरळ करीन."

सभासद गडबडले. 'मिरचीची हलकेच समजूत घाला' असं कुणी लिहिलं, तेव्हा ती चिरायची की चुचकारायची, हेच बाकीच्यांना उमगेना.

वत्सलाबाईंनी कायदा पुन्हा वाचला आणि एक मजकूर काढून टाकला. लगेच साहेबांचा फोन आला. "माझा मजकूर कुठे गेला?"

"काढला, साहेब. कायद्यात लिहिलंय, धमकी माणसाला दिलेली असावी लागते. आम्ही ठेचतो ती मिरची. माणसांना सरळ करणारे एकटे तुम्हीच निघालात. कायदा नीट पाळला ना मी?"

रागवावं की शाबासकी द्यावी, हे साहेबांना अजून कळलेलं नाही.